समांतर जलवाहिनी : एका शहराने पाणीपुरवठा कंपनीकडे दिला आणि परत घेतला, त्याचे प्रकरण

जायकवाडीचे दरवाजे उघडून गोदावरीत पाणी सोडले जात असते, आणि त्याच धरणावर विसंबलेल्या शहरात नळाला सहाव्या-सातव्या दिवशी पाणी येते. छत्रपती संभाजीनगरच्या कित्येक पावसाळ्यांत हे घडले आहे. धरणात पाणी आहे, शहरात नाही आणि मधले अंतर जेमतेम चाळीस-पन्नास किलोमीटर. ते पार करण्यासाठी आखलेली ‘समांतर जलवाहिनी’ योजना, तिच्यासाठी पाणीपुरवठ्याचे झालेले खासगीकरण, दोन वर्षांत ते रद्द होणे आणि त्यानंतरची वर्षे, असा हा सगळा पट आहे.

प्रकरण घडले तेव्हा शहराचे नाव औरंगाबाद होते, म्हणून पुढे तेच वापरले आहे. अधिकारी, नगरसेवक आणि कंत्राटदार कंपन्या यांची नावे घेतलेली नाहीत. नावे आली की चर्चा ‘कोणी खाल्ले’ इथे जाते आणि निर्णय कसे झाले हे बाजूला राहते. पाणी सार्वजनिक हाती असावे की खासगी, यावर माझे मत आहे आणि ते पुढे येईलच. पण हे प्रकरण मला महत्त्वाचे वाटते ते वेगळ्या कारणाने. मालकी कुणाची यावर शहर इतके भांडले, की आधी काय बांधायचे, पैसे कुणी आणि कधी घालायचे, लोकांकडून वाढीव पट्टी कधी घ्यायची, हे प्रश्न करारावर सह्या झाल्यावरच लोकांसमोर आले.

पार्श्वभूमी

या शहराला पाण्याची अक्कल शिकवायला बाहेरून कोणी यावे लागले नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला नहर-ए-अंबरी बांधली, ती डोंगरातून पाझरणारे पाणी उताराने शहरात आणत असे. पाणचक्कीचे पाणीही अशाच नहरीचे. या व्यवस्थेला इंधन लागत नव्हते. शहर वाढले, उद्योग आले, आणि नहरी व हर्सूलचा तलाव अपुरा पडू लागला. १९७६ मध्ये पैठणजवळ जायकवाडी धरण पूर्ण झाले आणि शहराची तहान नाथसागराशी, म्हणजे या धरणाच्या जलाशयाशी, बांधली गेली.

इथे एक गोष्ट कायमची बदलली. नाथसागर शहरापेक्षा खालच्या पातळीवर आहे. म्हणून पाणी उपसून, टप्प्याटप्प्याने वर चढवावे लागते. धरणावरचे पंपगृह, ढोरकीन, फारोळ्याचे जलशुद्धीकरण केंद्र, मग नक्षत्रवाडी आणि तिथून शहरातले जलकुंभ, असा तो प्रवास. यात एका ठिकाणी वीज गेली की पुढचे सगळे वेळापत्रक कोलमडते. आणि विजेचे बिल पाऊस कसाही झाला तरी दर महिन्याला येते. औरंगाबादचे पाणी महाग आहे ते यामुळे. कोणी चालवले तरी ते महागच राहणार होते.

शहरासाठी दोन जलवाहिन्या होत्या. जुनी ७०० मिलिमीटर व्यासाची, नंतरची १४०० मिलिमीटरची. त्यांची मूळ क्षमता अनुक्रमे ५६ आणि १०० एमएलडी, म्हणजे रोज दोन्ही मिळून १५६ दशलक्ष लिटर. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीत सुमारे ११ लाख ७५ हजार लोक होते. माणशी १३५ लिटर हा नेहमीचा निकष लावला तर गरज निघते सुमारे १५९ दशलक्ष लिटर. कागदावर तूट नगण्य! प्रत्यक्षात जुनी वाहिनी जर्जर, पंप थकलेले, वाटेत गळती, त्यामुळे मूळ क्षमतेइतके पाणी शहरात कधी पोचतच नव्हते. तरीही जे पोचत होते ते नीट वाटले गेले असते तर माणशी बरे पाणी मिळाले असते. पण ते आधी एका दिवसाआड, मग तिसऱ्या, चौथ्या दिवशी, आणि पुढे काही भागांत आठवड्याने मिळू लागले. याचा अर्थ दुखणे मोठ्या वाहिनीत होते तितकेच शहराच्या आत, गल्लीबोळातल्या नळ्यांत, व्हॉल्व्हमध्ये आणि जलकुंभांच्या कमतरतेतही होते. ही बाब पुढच्या सगळ्या निर्णयांसाठी कळीची आहे.

पाणीपट्टीची रीतही लक्षात घ्यायला हवी. घरगुती नळाला मीटर नव्हते. अर्धा इंची जोडणीला वर्षाची ठोक रक्कम. मोटार लावून दोन तास पाणी ओढणाऱ्यालाही तीच पट्टी आणि चढावरच्या वस्तीत अर्धा तास करंगळीएवढी धार मिळणाऱ्यालाही तीच. किती पाणी कुठे जाते याचा हिशेब महापालिकेकडे नव्हता, कारण तो ठेवण्याचे साधनच नव्हते. त्यात अनधिकृत नळ. या स्थितीत वसुली खर्चाच्या जवळपासही जात नव्हती.

अडचण

२००५-०६ च्या सुमारास केंद्राची लहान व मध्यम शहरांसाठीची पायाभूत सुविधा योजना आली. खर्चाचा ८० टक्के वाटा केंद्राचा, १० टक्के राज्याचा, १० टक्के स्थानिक संस्थेचा. औरंगाबादने जायकवाडीपासून जुन्या वाहिन्यांना समांतर अशी नवी मोठी वाहिनी टाकण्याचा ३५९ कोटी ६७ लाख रुपयांचा प्रस्ताव दिला. तो मंजूर झाला. केंद्राच्या वाट्याचा पहिला हप्ता सुमारे १४४ कोटींचा होता.

यापेक्षा चांगली संधी या शहराला आधी मिळाली नव्हती. पण अनुदान मंजूर खर्चावर मिळते, निविदा वाढीव आली तर वरचा सगळा भार महापालिकेवर. लोखंड-सिमेंटच्या किमती चढत होत्या. महापालिकेच्या तिजोरीत ठेकेदारांची जुनी बिले भागवण्याइतकेही पैसे नसायचे. शिवाय नुसती वाहिनी आणून भागणार नव्हते, आतले वितरण सुधारले नाही तर वाढीव पाणी जुन्याच भोकांतून गळून जाणार होते. वाहिनीसाठी पैसा हाताशी आला होता, वितरणासाठी कुणाकडेच नव्हता.

समोरचे पर्याय

पहिला मार्ग सरळ होता. अनुदान घ्यायचे, वाढीव रकमेसाठी कर्ज काढायचे, महापालिकेनेच वाहिनी टाकायची. याच्या बाजूने मोठा मुद्दा म्हणजे ९० टक्के पैसा फुकटचा. विरोधात मुद्दा म्हणजे महापालिकेची कर्जफेडीची आणि इतके मोठे काम उरकण्याची कुवत.

दुसरा मार्ग महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचा, म्हणजे पाणीपुरवठा योजना बांधणाऱ्या राज्य सरकारच्या संस्थेचा. त्यांनी बांधायचे, महापालिकेने चालवायचे. गंमत म्हणजे एक तपाहून अधिक काळ भटकंती करून शहर शेवटी याच मार्गावर आले.

तिसरा मार्ग सार्वजनिक-खासगी भागीदारीचा, म्हणजे पीपीपीचा. त्या काळात दिल्लीपासून मुंबईपर्यंत याच मार्गाला वारा होता. दुसरीकडे महाराष्ट्रातच त्याला कडाडून विरोधही होत होता. मुंबईत के-पूर्व प्रभागातल्या पाणीपुरवठ्याच्या अभ्यासावरून २००७ मध्ये वादळ उठले होते. लातूरमध्ये पाणीपुरवठा कंपनीकडे देण्याविरुद्ध लोक रस्त्यावर आले होते. नागपूरने मात्र हा मार्ग धरला. आधी धरमपेठ भागात प्रायोगिक प्रकल्प केला, मग १ मार्च २०१२ पासून सगळ्या शहराचे वितरण २५ वर्षांसाठी एका कंपनीकडे सोपवले.

नागपूरकडे नीट पाहायला हवे होते असे मला वाटते. तिथल्या कराराचे सगळेच बरे झाले नाही. पाच वर्षांत शहरभर चोवीस तास पाणी देण्याचे उद्दिष्ट हुकले, बिलांवरून लोकांचा रोष झाला, कामगार संघटना कोर्टात गेल्या. पण नागपूरने दोन कामे वेगळी ठेवली. पेंच धरणाहून येणारी २३०० मिलिमीटरची मोठी वाहिनी सरकारी पैशातून, वेगळ्या कामाखाली टाकली आणि कंपनीला दिले ते प्रामुख्याने वितरण. म्हणजे कंपनीशी भांडण झाले तरी मोठ्या वाहिनीचे काम त्यात अडकत नव्हते. औरंगाबादने दोन्ही कामे एकाच गाठोड्यात बांधली.

घेतलेला निर्णय

औरंगाबादने तिसरा मार्ग निवडला. मूळच्या वाहिनीत शहरांतर्गत वितरण, जलकुंभ, मीटर आणि दरम्यान वाढलेल्या किमती धरून प्रकल्प ७९२ कोटी २० लाखांवर गेला. सप्टेंबर २०११ मध्ये वीस वर्षांचा करार झाला. निविदा जिंकणाऱ्या कंपनीने या कामासाठी स्वतंत्र कंपनी स्थापन केली. सरकारी अनुदान प्रकल्पात वळवायचे, उरलेले पैसे कंपनीने स्वतःचे भांडवल आणि कर्ज यांतून उभे करायचे. वीस वर्षे पाणीपुरवठा कंपनीने चालवायचा, पट्टी कंपनीने वसूल करायची आणि महापालिकेनेही दरवर्षी ठरलेली रक्कम कंपनीला द्यायची. पट्टीत दरवर्षी दहा टक्के वाढ गृहीत होती, आणि ती महापालिकेच्या उपविधीत, म्हणजे पाणीपट्टीच्या नियमांत, घातली गेली.

कागदोपत्री मालकी महापालिकेचीच राहिली. धरणातले पाणी जलसंपदा विभागाचे, वाहिन्या आणि जलकुंभ महापालिकेचे, कंपनीला फक्त चालवण्याचा हक्क. ‘शहराचे पाणी विकले’ ही घोषणा कायद्याच्या भाषेत बरोबर नव्हती. पण ज्याला पट्टी वसूल करण्याचा, जोडणी तोडण्याचा आणि पाणी कधी सोडायचे ते ठरवण्याचा अधिकार वीस वर्षांसाठी मिळतो, त्याला घरातली बाई मालकच समजणार. तिचे म्हणणे मला कायद्याच्या भाषेपेक्षा जास्त खरे वाटते.

सही झाल्यावर तीन वर्षे प्रत्यक्ष हस्तांतरण झाले नाही. अटींवरून वाद, सर्वसाधारण सभेत गदारोळ, राज्य सरकारकडे खेटे. या तीन वर्षांत किमती वाढत होत्या, शहर वाढत होते आणि जुनी वाहिनी आणखी गळत होती. अखेर १ सप्टेंबर २०१४ रोजी कंपनीने शहराचा पाणीपुरवठा हाती घेतला.

कलाटणी : हस्तांतरणाचा दिवस

सगळ्या प्रकरणात एक दिवस निवडायचा तर मी करारावरच्या सहीचा दिवस निवडणार नाही. हस्तांतरणाचा निवडेन. त्या दिवशी काय झाले ते पाहा. शहरात येणारे पाणी होते तितकेच राहिले, कारण नवी वाहिनी नव्हती. जुने पंप तेच, गळक्या नळ्या त्याच. बदलली ती पट्टी मागणारी व्यक्ती. कालपर्यंत पाणी आले नाही की माणूस वॉर्डातल्या लाइनमनला किंवा नगरसेवकाला गाठत होता. आता त्याला कंपनीच्या कार्यालयाकडे बोट दाखवले जाऊ लागले. नगरसेवकाच्या हातातून वॉर्डावरचा सर्वांत मोठा अधिकार गेला होता, पण शिव्या मात्र त्यालाच खाव्या लागत होत्या. जे नगरसेवक करार मंजूर करणाऱ्या सभेत होते, त्यांतले अनेक वर्षभरात कंपनीच्या विरोधात उभे राहिले. याला निव्वळ संधिसाधूपणा म्हणणे मला पटत नाही. जबाबदारी आपली आणि किल्ली दुसऱ्याकडे, अशी त्यांची स्थिती कराराने केली होती.

कंपनीच्या बाजूनेही बघू. तिला आधी पैसा ओतून वाहिनी टाकायची होती आणि पुढची वीस वर्षे वसुलीतून तो परत मिळवायचा होता. पण शहर चालवायचा रोजचा खर्च, म्हणजे वीज, रसायने, पगार, दुरुस्त्या, पहिल्या दिवसापासून अंगावर पडला. कर्ज देणारी बँक विचारणार की वसुली किती होईल, आणि ज्या शहरात मीटर नाहीत, अनधिकृत नळ मोजलेले नाहीत, तिथे याचे उत्तर कोण देणार? वसुली वाढवायची तर मीटर बसवायला हवेत, आणि पाणी चौथ्या दिवशी येत असताना मीटर बसवू देणारा नागरिक शोधूनही सापडत नाही. त्याचे म्हणणे साधे असते : आधी पाणी द्या, मग मोजा.

हा क्रमाचा प्रश्न होता. वाहिनी आधी आणि हस्तांतरण नंतर, किंवा निदान वाहिनीचे अमुक टक्के काम झाल्यावरच वसुलीचा हक्क, अशी पायरी ठेवली असती तर कंपनीलाही घाई झाली असती आणि लोकांनाही पट्टीवाढीच्या बदल्यात काहीतरी दिसले असते. प्रत्यक्षात दहा टक्क्यांची वाढ वेळेवर लागू होत राहिली आणि वाहिनी कागदावर राहिली. लोकांच्या मनात कंपनी आणि पट्टीवाढ हे दोन शब्द तिथे कायमचे जोडले गेले.

करार रद्द

दोन वर्षांत मुख्य जलवाहिनीचे काम नजरेत भरेल इतके पुढे गेले नाही. शहरात काही ठिकाणी अंतर्गत नळ्या टाकल्या गेल्या, त्यांच्या दर्जावरून वाद झाले. स्वतंत्र कंपनीतल्या भागीदारीत झालेल्या बदलांवरून नगरसेवकांनी प्रश्न उपस्थित केले : आम्ही करार ज्याच्याशी केला, काम त्याच्याच हाती आहे ना? असे प्रश्न करार करताना विचारायचे असतात. भागीदारी बदलायची तर महापालिकेची पूर्वसंमती कुठल्या टप्प्यावर लागेल, हे साध्या मराठीत सभेपुढे ठेवले गेले असते तर नंतरचा निम्मा धुरळा उडाला नसता.

३० जून २०१६ रोजी सर्वसाधारण सभेने करार रद्द करण्याचा ठराव केला. प्रशासनाने त्यावर कारवाई केली आणि ऑक्टोबरमध्ये पाणीपुरवठा महापालिकेने पुन्हा आपल्या हाती घेतला. कंपनीला हे मान्य नव्हते, वाद न्यायालयात गेला. शहरात फटाके वाजले. खासगीकरणविरोधी कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे सभा, निवेदने, याचिका यांतून चिवट लढा दिला होता, आणि त्यांचा आनंद खरा होता.

मी स्वतः पाणी सार्वजनिक हाती असावे या मताचा आहे. नळाच्या पाण्याला ग्राहकाकडे दुसरा दुकानदार नसतो. त्यामुळे ज्याला जाब विचारता येतो, ज्याला मत देऊन घरी पाठवता येते, त्याच्याकडेच ते असावे असे मला मनापासून वाटते. म्हणूनच करार रद्द झाल्यानंतरच्या वर्षांकडे डोळेझाक करणे मला जमत नाही.

सार्वजनिक हातात परतल्यावर

पाणी परत आपल्या हाती आले, पण त्या हातात पैसा आला नाही. नवी वाहिनी नाही, कंपनीशी कोर्टकज्जे सुरू, अनुदानाच्या निधीचा प्रश्न लोंबकळत. वसुली पुन्हा ढेपाळली. २०१८ मध्ये तर तडजोड करून त्याच कंपनीकडून योजना पुरी करून घेण्याचा प्रयत्न झाला. वाढीव खर्चाचे सुमारे २८९ कोटी कुणी द्यायचे यावर घोळ झाला, आणि तेही फिसकटले. करार मोडताना ‘पुढे काय’ याचा आराखडा तयार नव्हता, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा कोणता हवा?

२०१९ मध्ये राज्य सरकारने १,६८० कोटींची नवी योजना मंजूर केली. डिसेंबर २०२० मध्ये तिचे भूमिपूजन झाले. काम महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे, बांधणी ठेकेदाराकडून, वाहिनी २५०० मिलिमीटर व्यासाची. पुढे योजनेची किंमत २,७४० कोटींवर गेली आणि ती केंद्राच्या शहरी पाणीपुरवठ्यासाठीच्या अमृत २.० या योजनेत घेण्यात आली. ही सर्वस्वी सरकारी योजना, तरीही मुदती टळत राहिल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला कामावर देखरेख ठेवावी लागली. मधल्या काळात तग धरण्यासाठी जुन्या ७०० च्या वाहिनीला पर्याय म्हणून ९०० मिलिमीटरची वाहिनी टाकण्यात आली. २०२४ संपले तरी मोठ्या वाहिनीचे पाणी शहरात आले नव्हते.

मे २०२२ मध्ये पाण्यासाठी मोठा मोर्चा निघाला. त्याच महिन्यात पाणीपट्टी ४,०५० रुपयांवरून थेट निम्मी, २,०२५ रुपये करण्यात आली. सात-आठ दिवसांनी पाणी मिळणाऱ्या माणसाकडून वर्षभराची पूर्ण पट्टी घेणे अन्यायाचेच होते, त्यामुळे कपातीला मी विरोध करणार नाही. पण ती सगळ्यांना सरसकट मिळाली. स्वतःची बोअर, तळटाकी आणि मोटार असलेल्या बंगल्यालाही, आणि ड्रम भरून ठेवणाऱ्या खोलीलाही. मीटर नसले की न्यायही ठोक भावानेच करावा लागतो.

त्याच शहरातल्या दोन तुलना

या प्रकरणाचा निवाडा ‘खासगी वाईट’ किंवा ‘महापालिका नालायक’ असा एका ओळीत करणाऱ्यांनी औरंगाबादमध्येच दोन ठिकाणी पाहावे.

पहिले ठिकाण औद्योगिक वसाहती. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या कारखान्यांना पाणी देते ते एमआयडीसी, म्हणजे सरकारी महामंडळ. धरण तेच, जायकवाडी. उपसा तसाच. वाहिन्या मात्र वेगळ्या, पाणी मोजून दिले जाते, दर खर्चाच्या हिशेबाने लावले जातात, आणि कारखान्याला पाण्यासाठी सातव्या दिवसाची वाट पाहावी लागत नाही. २०१६ च्या दुष्काळात मद्य कारखान्यांच्या पाण्यात कपात करण्याचा आदेश खंडपीठाला द्यावा लागला, तेव्हा कपात करण्याइतके पाणी तिकडे नियमित जात होते हे सगळ्यांना कळले. सार्वजनिक मालकीची संस्था रोज पाणी देऊ शकते याचा दाखला शहराच्या वेशीवरच आहे. फक्त तिचा ग्राहक पैसे मोजणारा कारखाना आहे. कामगाराच्या वस्तीला तोच दर लावता येणार नाही, आणि मधला फरक कोणी भरायचा हे उघडपणे ठरवल्याशिवाय ती तुलना पुरी होत नाही.

दुसरे ठिकाण सांडपाण्याचे. समांतरच्या मागोमाग, सुमारे ३६५ कोटींची भूमिगत गटार योजना महापालिकेने त्याच केंद्रीय योजनेतून हाती घेतली. तिथे वीस वर्षांचा हक्क कुणाला दिला नाही. ठेकेदाराकडून बांधून घेतली, मालकी आपली ठेवली. कांचनवाडीला १६१ एमएलडी क्षमतेचे शुद्धीकरण केंद्र उभे राहिले. कामाच्या दर्जाबद्दल तक्रारी झाल्या, नाल्यांतून मैला वाहणे पूर्ण थांबले नाही, आणि केंद्रात क्षमतेपेक्षा बरेच कमी सांडपाणी येते. पण ते उभे आहे आणि चालते आहे. पाणी आणि सांडपाणी ही एकाच नळाची दोन टोके, आणि या शहरात एक टोक पाणी येण्याआधीच बांधून झाले. मोठ्या क्षमतेचे केंद्र बांधताना नळाचे पाणी वाढेल हे गृहीत होते. ते वाढलेच नाही.

या दोन्ही कामांत माझ्या मते एक समान गोष्ट आहे. बांधणाऱ्याचे काम बांधण्यापुरते होते, आणि लोकांकडून पैसे गोळा करण्याचा हक्क त्यात गुंतवलेला नव्हता. त्यामुळे भांडण झाले तरी ते बिलापुरते राहिले, शहराच्या दैनंदिन पाण्याला त्याने वेठीला धरले नाही.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधी गाठोडे सोडायला हवे होते. मोठ्या वाहिनीसाठी अनुदान मंजूर होते. वाढीव खर्चासकट ती महापालिकेने किंवा प्राधिकरणाने थेट टाकायला घेतली असती, आणि त्यासाठी राज्याने कर्जाची हमी दिली असती, तर पुढच्या काही वर्षांत शहराला पाणी मिळण्याची चांगली शक्यता होती. ३६० कोटींचे काम टाळून शहर २,७४० कोटींच्या कामापर्यंत पोचले. दोन्ही योजनांचा आवाका सारखा नाही, नव्या योजनेत कितीतरी अधिक जलकुंभ आणि अंतर्गत नळ्या आहेत, तरीही उशिराची किंमत या दोन आकड्यांत दिसते.

खासगी कंपनी आणायचीच होती तर वितरणासाठी, आणि तीही एका भागापुरती आणायची होती. सिडकोचा परिसर २००६ मध्ये महापालिकेकडे आला, तिथे वसाहती आखीव, जोडण्या बऱ्यापैकी नोंदलेल्या. अशा ठिकाणी दोन-तीन वर्षे मीटर, दाब, गळती यांचा प्रयोग करता आला असता. नागपूरने धरमपेठेत केले ते हेच. असा प्रयोग महापालिकेच्या स्वतःच्या पाणीपुरवठा विभागालाही करता आला असता, हे मला अधिक आवडले असते. त्यासाठी विभागाला स्वतःचा वेगळा हिशेब, भरतीची मुभा आणि पट्टीचा पैसा पाण्यातच खर्च करण्याचे बंधन हवे होते. पाणीपट्टी सर्वसाधारण निधीत मिसळून रस्ते आणि पगारात जिरली की विभागाचा कारभार सुधारण्यात कुणाचाच स्वार्थ राहत नाही.

पट्टीवाढ आणि पाण्याचे दिवस यांची सांगड घालणेही शक्य होते. पाणी तिसऱ्या दिवशी आले तर इतकी पट्टी, एका दिवसाआड आले तर इतकी, रोज आले तर इतकी, असा तक्ता उपविधीतच हवा होता. करार कंपनीशी असो की नसो, असा तक्ता नागरिकाच्या हातात पुरावा देतो.

आणि करार मोडण्याच्या ठरावाबरोबर दुसरा ठराव हवा होता : उद्यापासून वाहिनी कोण टाकणार, पैसा कुठून येणार, कोर्टातला दावा सुरू असताना अनुदानाचे काय करायचे. रद्द करण्याचा निर्णय माझ्या मते बरोबर होता, पण त्याला पुढची बाजू नव्हती. खासगीकरणाच्या विरोधात लढणाऱ्या आम्हा लोकांकडेही ती नव्हती. पर्यायी आराखडा, त्यातली पट्टी, मीटरबद्दलची आमची भूमिका, गरिबांसाठी सवलतीचा पहिला टप्पा किती लिटरचा, हे मांडून लढलो असतो तर प्रशासनाला ‘आमच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता’ म्हणता आले नसते.

आता मोठी वाहिनी पुरी झाल्यावर प्राधिकरण ती महापालिकेच्या हवाली करील. तेव्हा उपसा वाढेल, त्याबरोबर विजेचे बिल वाढेल, आणि पाणीपट्टीचा आधार २,०२५ रुपयांचा असेल. चालवण्याचा खर्च झेपेना म्हणून कंपनीला बोलावण्याची सूचना त्या वेळी पुन्हा सभागृहात येऊ शकते. ती येण्याआधी मीटर कुठल्या भागात प्रथम बसवायचे, पहिले किती लिटर स्वस्त द्यायचे आणि पाण्याचा स्वतंत्र हिशेब कधीपासून सुरू करायचा, एवढे तरी ठराव आत्ताच, वाहिनी येण्याआधी, मंजूर व्हायला हवेत.